उतारवयातील धाव : काम्य की नित्य?

गेल्या भाद्रपदातील गोष्ट. आमच्या मंदिराच्या नित्य दर्शनाला येणारे एक वृद्ध गृहस्थ पहाटे कोठी रोडवर धावत असता पाय घसरून पडले आणि त्यांचे डावे मनगट मोडले. त्यांचे नाव येथे देत नाही. ते अनेक वर्षे शाळेत गणित शिकवीत असल्यामुळे त्यांना सर्वजण गुरुजीच म्हणतात, आणि मीही तेच म्हणेन. वय एकोणसत्तर. साठी ओलांडल्यावर त्यांनी एकवीस किलोमीटरची अर्धमॅरेथॉन पुरी केली होती आणि त्यानंतरही आठवड्यातून चार-पाच दिवस सात-आठ किलोमीटर धावण्याचा परिपाठ ठेवला होता. हाताला प्लास्टर घालून ते आरतीला आले, तेव्हा सभामंडपात साहजिकच चर्चा सुरू झाली.

एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, "साठी उलटल्यावर माणसाने माळ ओढावी, रस्ते तुडवू नयेत. शास्त्राने वानप्रस्थ सांगितला तो काय उगीच?" दुसऱ्यांचे म्हणणे असे की, खाटेवर पडून औषधे घेण्यापेक्षा रस्त्यावर पडणे परवडले. त्याच रात्री गुरुजींच्या चिरंजीवांचा मला दूरध्वनी आला. ते नोकरीनिमित्त दूरच्या शहरी असतात. ते म्हणाले, "अरे, तू रोज त्यांना भेटतोस. तुझे ते ऐकतात. आता हे धावणे सोडायला सांग. पुढच्या वेळी मनगटाऐवजी खुबा मोडला, तर आम्ही काय करायचे?" त्यांच्या स्वरात राग नव्हता, भीती होती. मी "सांगतो, दादा" असे म्हणून बसलो. परंतु काय सांगावे, हे मला कळेना. कारण धावण्याच्या बाबतीत माझी स्वतःची कहाणी फारशी अभिमानास्पद नाही.

बारावीनंतर दोन वर्षे मी भरतीच्या शारीरिक चाचणीसाठी धावलो. पहाटे चारला उठून, हातात घड्याळ बांधून, एकेक सेकंद कमी करण्यासाठी जिवाचे रान केले. चाचणीच्या दिवशी थोडक्यात मागे पडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती नेहमीप्रमाणे चारलाच, परंतु मी कूस बदलून झोपलो. त्यानंतर तीन वर्षे मी धावलो नाही. चोविसाव्या वर्षी ज्याने धावणे सोडले, त्याने एकोणसत्तराव्या वर्षी धावणाऱ्याला उपदेश करावा, हा प्रसंगच चमत्कारिक होता. माझे पाय शाबूत होते आणि थांबले होते; त्यांचे गुडघे झिजले होते आणि चालू होते. असे का व्हावे?

प्रथम शरीराची बाजू पाहू. धावण्याचा जो काही दृश्य लाभ तरुणाला मिळतो, तो वृद्धाला मिळत नाही, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. परिश्रमाच्या वेळी प्राणवायू वापरण्याची शरीराची जी कमाल क्षमता, ती तिशीनंतर दर दहा वर्षांनी सुमारे दहा टक्क्यांनी उतरत जाते. नित्य व्यायाम करणाऱ्यात ही उतरंड मंद असते, परंतु ती कोणालाच चुकत नाही. हृदयाच्या ठोक्यांची कमाल गती घटते, स्नायू रोडावतात, दुखापत भरून यायला अधिक दिवस लागतात. तरुण मनुष्य सराव करतो आणि महिन्याभराने त्याची वेळ सुधारते. वृद्ध मनुष्य तितकाच प्रामाणिक सराव करतो आणि वर्षाअखेरीस त्याची वेळ वाढलेली असते. जो धंदा दरसाल तोट्यात जाणार हे आधीच ठाऊक आहे, तो माणसाने कोणत्या उमेदीवर चालू ठेवावा? उतारवयातील धावपटूचा खरा प्रश्न हाच आहे.

काहींना ही उमेद एखाद्या प्रसंगाने दिली. जालंधरजवळच्या ब्यास या खेड्यातील शेतकरी फौजा सिंग यांचे नाव अनेकांनी ऐकले असेल. त्यांच्या पारपत्रावर जन्मतारीख १ एप्रिल १९११ अशी होती. १९९४ साली डोळ्यांदेखत तरुण मुलगा गेला. त्या दुःखातून वर येण्यासाठी त्यांनी इंग्लंडात मुलांकडे राहत असता धावण्याचा आश्रय घेतला. २००० साली, एकोणनव्वदाव्या वर्षी, ते लंडनची मॅरेथॉन, म्हणजे सव्वाबेचाळीस किलोमीटरच्या आसपासचे अंतर, प्रथम धावले. २००३ साली टोरांटो येथे त्यांनी तेच अंतर पाच तास चाळीस मिनिटांत कापले. आणि २०११ साली, शंभराव्या वर्षी, त्याच नगरीत आठ तासांहून अधिक वेळ घेऊन पुन्हा पुरे केले. जन्माचा दाखला नसल्यामुळे गिनीजच्या विक्रमग्रंथात त्यांची नोंद झाली नाही, पण म्हणून त्यांचे धावणे थांबले नाही. २०१३ साली हाँगकाँगची दहा किलोमीटरची दौड ही त्यांची अखेरची स्पर्धा ठरली. त्यानंतरही पायी फिरणे चालूच होते, आणि जुलै २०२५ मध्ये आपल्याच गावाजवळ रस्त्यावर वाहनाची धडक बसून त्यांचा अंत झाला.

आपल्या महाराष्ट्रातील बारामतीच्या लता भगवान करे यांची हकीकत याहून साधी आणि याहून कठोर आहे. २०१३-१४ च्या सुमारास पतीच्या आजाराच्या तपासणीला पैसे नव्हते, म्हणून साठीच्या घरातील ही कष्टकरी बाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी, ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत उतरली आणि पहिली आली. पुढे २०२० साली तिच्या जीवनावर मराठी चित्रपट निघाला, त्यात तिने स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला.

ही उदाहरणे वाचून ऊर भरून येतो. परंतु त्यांतून घरोघरीच्या वृद्धांना नियम म्हणून काय घेता येईल, हा विचार केला की हात रिकामेच राहतात. पुत्रशोक व्हावा म्हणजे धावण्याची प्रेरणा मिळेल, पती आजारी पडावा म्हणजे पाय उचलतील, असे कोण म्हणेल? दुःख आणि गरज ही मोठी बळे आहेत खरी, पण ती मागून घेण्याची बळे नव्हेत.

या विचारात असताना मी एके दिवशी दुपारी वडिलांपुढे हा सारा गुंता मांडला. ते नैवेद्याची ताटे पुसत होते. त्यांनी मला उलट एक प्रश्न केला : "काम्य आणि नित्य कर्मातील भेद तुला लहानपणी सांगितला होता, आठवतो का?" मला आठवत होता. परंतु तो धावण्याला लावून पाहावा, हे सुचले नव्हते.

वाचकांपैकी अनेकांना हा भेद परिचित असेल. तरी थोडक्यात सांगतो. आपल्या मीमांसकांनी कर्माचे प्रकार पाडले आहेत. विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेले ते काम्य कर्म. पुत्रप्राप्तीसाठी इष्टी करावी, पर्जन्यासाठी अनुष्ठान करावे, तसे. एखाद्या प्रसंगामुळे प्राप्त झालेले ते नैमित्तिक कर्म. ग्रहणातील स्नान हे त्याचे उदाहरण. आणि विशेष फळाची अपेक्षा न धरता रोज करावयाचे ते नित्य कर्म, जसे संध्यावंदन. नित्य कर्म केले म्हणून काही मोठे पुण्य पदरात पडत नाही. न केले तर मात्र उणीव राहते. यातील माझ्या उपयोगाचा भाग पुढेच होता. काम्य कर्म सर्व अंगांसह, यथासांग झाले पाहिजे. त्यात न्यून राहिले तर फळ मिळत नाही. नित्य कर्माला मात्र शास्त्राने मोठी सवलत दिली आहे : ते यथाशक्ति करावे. शक्ती कमी झाली, एखादे अंग राहून गेले, तरी मुख्य कर्म साधले की ते झाले असे समजावे.

माझे धावणे काम्य होते. थोडक्यात राहिलो, म्हणजे सगळेच राहिले. आणि फळाची आशा संपताच कर्मही संपले. फौजा सिंगांची किंवा लताबाईंची सुरुवात नैमित्तिक होती. प्रसंगाने त्यांना रस्त्यावर आणले. पण प्रसंग मागे पडल्यावरही जो धावत राहतो, त्याचे धावणे केव्हातरी नकळत नित्य झालेले असते. उतारवयात टिकते ते हेच. कारण उतारवय म्हणजे दरवर्षी एकेक अंग गळत जाण्याचा काळ. आणि अंगे गळाली तरी न मोडणारे कर्म ते केवळ नित्य कर्म. वेळ वाढली, अंतर घटले, धावण्याचे चालणे झाले, तरी "आज झाले" असे त्या माणसाला रात्री म्हणता येते.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षण्यासारखा नाही. यथाशक्ति म्हणताना आपली शक्ती किती, हे माणसाला खरोखर कळते काय? हट्टाला नित्यकर्म हे गोंडस नाव देऊन वृद्ध मनुष्य स्वतःचा आणि घरच्यांचा जीव टांगणीला लावीत नसेल कशावरून? व्यायामशाळांच्या भिंतींवर कालिदासाचे एक वचन हटकून रंगविलेले असते. शरीर हे धर्माचे पहिले साधन आहे, असा त्याचा आशय. अवंतीत राहणाऱ्या आपणा सर्वांना ते ठाऊक आहे. परंतु ते कोणी, कोणास आणि केव्हा म्हटले, हे सहसा कोणी पाहत नाही. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात पार्वती कठोर तप करीत असता शंकर ब्रह्मचाऱ्याच्या वेषात तिच्याकडे येतात आणि समिधा, पाणी यांची विचारपूस करता करता विचारतात, तू आपल्या शक्तीच्या बेताने तप करतेस ना? त्या प्रश्नाला जोडून ते वचन आले आहे. म्हणजे ते शरीर झिजविण्याचे प्रोत्साहन नसून, शक्तीचा अंदाज घेण्याची सूचना आहे. आणि विचारणारा "तप सोड" म्हणून सुरुवात करीत नाही. तो आधी चौकशी करतो. पुढे तो तिला परावृत्त करू पाहतो हे खरे, पण ती परीक्षा असते. आणि पार्वती आपला निश्चय सोडीत नाही.

शक्तीचा अंदाज घेण्याच्या कामी आजचे वैद्यकही साह्य करते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८४ साली पन्नाशी ओलांडलेल्या पाचशेहून अधिक धावपटूंची नोंद घेण्यास आरंभ झाला आणि न धावणाऱ्या तशाच लोकांशी त्यांची तुलना करण्यात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एकोणीस वर्षांनंतर न धावणाऱ्यांपैकी चौतीस टक्के, तर धावणाऱ्यांपैकी पंधरा टक्के लोक निवर्तले होते. आणि धावणाऱ्यांना परावलंबित्वही पुष्कळ उशिरा आले. अर्थात, मुळात निरोगी असतो तोच धावायला जातो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. सगळे श्रेय पायांना देता येणार नाही. तरीही धावण्यानेच म्हातारपण लवकर येते, ही समजूत त्यामुळे पुष्कळशी ढिली पडते. मात्र छातीत दुखणे, घेरी येणे, धाप न ओसरणे ही लक्षणे दिसताच थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. हेही यथाशक्तीच्याच अर्थात येते.

एवढी शिदोरी घेऊन मी गुरुजींकडे गेलो. चिरंजीवांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "तो घाबरला आहे. मीही घाबरलो आहे. पण मी घाबरून घरी बसलो, तर उद्या जिन्याला घाबरेन, परवा न्हाणीघराला. भीतीला एक खोली दिली की ती हळूहळू सगळे घर मागते." मग थोडे थांबून म्हणाले, "मात्र अंधारात एकट्याने धावणे ही माझी चूक होती. ती मी कबूल करतो." आम्ही दोघांनी बसून काही गोष्टी ठरविल्या. हृदयाची तपासणी करून घ्यावी, उजाडल्यावरच निघावे, एक दिवस धावणे, एक दिवस चालणे असा क्रम ठेवावा, घड्याळ घरी ठेवावे, आणि एकट्याने जाऊ नये. शेवटच्या अटीवर त्यांनी माझ्याकडे पाहिले. सोबतीला दुसरे कोण होते? मार्गशीर्षात त्यांचा हात बरा झाला आणि तीन वर्षांनी मी पुन्हा बूट बांधले. चिरंजीवांना मी कळविले, "दादा, थांबवता आले नाही. पण आता ते एकटे नाहीत." पलीकडे बराच वेळ शांतता होती. नंतर ते एवढेच म्हणाले, "ठीक आहे. रोज घरी पोचलात की कळवीत जा."

खरी परीक्षा चैत्रात आली. उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे वैशाख वद्य दशमीपासून, म्हणजे आपल्या मराठी पंचांगाप्रमाणे चैत्र वद्य दशमीपासून, अमावास्येपर्यंत आपल्या नगरीची पंचक्रोशी यात्रा चालते. सुमारे एकशे अठरा किलोमीटरचा हा पायी मार्ग पूर्वेस पिंगळेश्वर, दक्षिणेस करोहनचे कायावरोहणेश्वर, पश्चिमेस अंबोदियाचे बिल्वेश्वर आणि उत्तरेस जैथलचे दुर्दुरेश्वर अशा चार द्वारपालांच्या दर्शनाने पुरा होतो. डोक्यावर शिधा-गाठोडे घेतलेल्या, पन्नाशी-साठी ओलांडलेल्या मालव्यातील असंख्य आयाबाया त्या उन्हात ज्या निर्धाराने चालतात, ते पाहिले की दूर पल्ल्याच्या धावपटूला शिकण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही, असे वाटते. त्यांच्या हाती घड्याळ नसते, पहिला-दुसरा क्रमांक नसतो. तिथी ठरलेली असते, मुक्काम ठरलेले असतात आणि बरोबर माणसे असतात. एकटा मनुष्य रोज नव्याने मनाची समजूत घालून जे करू शकत नाही, ते या तीन गोष्टी त्याच्याकडून सहज करवून घेतात.

या यात्रेची एक रीत मात्र मला आजवर केवळ रीत वाटत होती. निघताना यात्रेकरू पटनी बाजारातील नागचंद्रेश्वराला नारळ वाहून त्याच्याकडून चालण्याचे बळ मागून घेतात, आणि परत आल्यावर मातीचा घोडा अर्पण करून ते बळ परत करतात. गुरुजींनी यापूर्वी बावीस वेळा ही यात्रा केली होती. या वर्षी आम्ही दोघे बरोबर निघालो. करोहनपर्यंत ते व्यवस्थित चालले. मात्र तेथे मुक्कामाच्या रात्री त्यांचा उजवा गुडघा सुजला. सकाळी त्यांनी दोन-चार पावले टाकून पाहिली आणि स्वतःच म्हणाले, "आता पुरे." मी काही बोललो नव्हतो. त्यांना शहराकडे जाणाऱ्या गाडीत बसविताना माझाच कंठ दाटून आला. ते म्हणाले, "तू परत फिरू नकोस. तुझे बळ अजून शिल्लक आहे."

अमावास्येला मी धुळीने माखून पटनी बाजारात पोचलो, तेव्हा गुरुजी काठी टेकून देवळाजवळ उभे होते. त्यांच्या हातात मातीचे दोन घोडे होते. थट्टेने मी विचारले, "गुरुजी, आपली यात्रा तर अर्धीही झाली नाही. घोडा मात्र पूर्ण?" ते हसले नाहीत. म्हणाले, "जेवढे बळ मिळाले होते, तेवढे सगळे वापरले. काही चोरून ठेवले नाही. म्हणून घोडा पूर्ण."

गणिताच्या शिक्षकाने केलेला हा हिशेब मला आजवर ऐकलेल्या कोणत्याही हिशेबाहून चोख वाटला. बळ आपले नाही, उसने आहे. तरुणपणी ते भरपूर असल्यामुळे आपले वाटते, एवढाच फरक. परत करताना किती घेतले होते हे पाहायचे असते, शेजाऱ्याला किती मिळाले होते किंवा आपल्यालाच वीस वर्षांपूर्वी किती मिळाले होते, हे नव्हे. ज्याला हे उमगले, त्याला वाढत्या वेळेचे वैषम्य वाटत नाही. आणि "आता पुरे" हे शब्द उच्चारताना पराभवही वाटत नाही.

सभासद बंधुभगिनींनो, आपल्या घरी असा एखादा हट्टी वृद्ध असेल, तर त्याला थांबविण्यापूर्वी ब्रह्मचाऱ्याच्या वेषातील शंकरांप्रमाणे आधी विचारपूस करावी. आपण त्याच्या जिवासाठी घाबरतो की आपल्या गैरसोयीसाठी, हेही मनाशी एकदा तपासावे. आणि शक्य असेल तर उपदेशाऐवजी सोबत द्यावी. गुरुजी आता धावत नाहीत. गुडघ्याची सूज उतरल्यावर डॉक्टरांनी चालण्याची अनुज्ञा दिली आहे. उजाडल्यावर मी त्यांच्या दारी जातो. कोठी रोडच्या झाडांखालून ते काठी टेकीत चालतात. मी थोडे पुढे धावत जातो आणि वळून पुन्हा त्यांच्यापर्यंत येतो. घरी पोचल्यावर दादांना कळवितो : आजचे झाले.